अर्ध्या इस्त्रीएवढी चोरी

ग्राफिक्स कार्ड शर्टाच्या आत लपवून घरात आणता येत नाही, हे जावईबापूंना जिना चढताना कळलं. दुकानात हातात घेतल्यावर ते बेताचंच वाटलं होतं. पोटाशी धरल्यावर मात्र त्याचं एक टोक बरगडीत आणि दुसरं पट्ट्यात रुतलं, आणि त्यांना कमरेतून वाकून चालावं लागलं. दार सासूबाईंनी उघडलं. त्यांनी जावयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पोटात दुखतंय का?"

"थोडंसं. पडतो जरा," असं म्हणून जावईबापू तसेच वाकत मागच्या खोलीत शिरले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

एवढी लपवाछपवी कशाला, असं कुणीही विचारील. पण जावईबापू सासरी राहत होते. स्वतःच्या फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत चार-सहा महिने, असं म्हणून आले होते, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. त्यात न बांधलेल्या इमारती बांधल्यासारख्या दाखवणं हाच त्यांचा धंदा. आर्किटेक्ट नकाशा देत आणि जावईबापू कॉम्प्युटरवर त्याची फिल्म बनवत. दार उघडतंय, आत ऊन आलंय, फरशीत माणसांची प्रतिबिंबं हलताहेत. लोकांच्या इमारती ते आठवड्याभरात उभ्या करत, त्यांची स्वतःची तेवढी पाचव्या मजल्यावर अडकून पडली होती.

आणि ज्या घरात ते राहत होते तिथे विजेवर सासरेबुवांचं राज्य होतं. सासरेबुवांचा जन्म सबस्टेशनवर गेला. कुणाला वीज द्यायची, कुणाची तोडायची, कुणाला थांबवायचं, हे ठरवण्यात चाळीसेक वर्षं घालवल्यावर निवृत्त होऊन नुसतं वर्तमानपत्र वाचणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी घराचंच सबस्टेशन केलं. जिन्याखाली, मीटरच्या शेजारी, प्रत्येक खोलीचे वेगवेगळे खटके बसवून घेतले. दिव्यांची लाइन वेगळी, प्लगची वेगळी. इमारतीत सगळ्यांकडे लुकलुकणारे नवे मीटर आले, पण यांनी आपल्या जुन्या, चकती फिरणाऱ्या मीटरला कुणाला हात लावू दिला नाही. घरातली कुठली वस्तू किती वीज खाते ते त्यांना तोंडपाठ होतं, आणि त्यांचं माप होतं इस्त्री आणि पंखा. गीझर म्हणजे दोन इस्त्र्या. मिक्सर म्हणजे अर्धी. जावयाचा कॉम्प्युटर त्यांनी पहिल्याच आठवड्यात स्वतः मोजला होता आणि निकाल दिला होता, "दोन पंखे. बिनधास्त चालवा."

दोन पंख्यांच्या वरचं काहीही लावायचं तर आधी ओरडून सांगायचं, हा घरचा नियम होता. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "इस्त्री लावतेय हो." सासरेबुवा असतील तिथून म्हणायचे, "लाव," नाहीतर, "थांब, गीझर चालू आहे." पाहुणेसुद्धा दोन दिवसांत हे शिकून जात. एकदा तर सासरेबुवांनी दुपारच्या झोपेत, डोळेही न उघडता, मिक्सरला परवानगी दिली होती.

जावईबापूंनी हा नियम एकदाच मोडला होता. न विचारता एक जुना लेझर प्रिंटर लावला होता. त्याने एक्स्टेन्शन बोर्ड वितळवला आणि नेमक्या त्याच वेळी आलेल्या बायकोच्या मामांना जळक्या प्लॅस्टिकच्या वासात बसून चहा घ्यावा लागला. तेव्हा जावईबापूंनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता की, या घरात यापुढे न विचारता एकही नवी वस्तू येणार नाही. मग महिन्यापूर्वी त्यांनी विचारूनही पाहिलं होतं. सासरेबुवा म्हणाले होते, "आहे ते चालतंय ना?" त्या घरात याचा अर्थ नाही असा होता.

पण आता गळ्याशी आलं होतं. एका आर्किटेक्ट बाईंनी लहान मुलांच्या हॉस्पिटलचं काम दिलं होतं. शनिवारी संध्याकाळी समितीसमोर फिल्म दाखवायची होती, आणि जमलं नाही तर बाईंकडे दुसरा माणूस तयार होता; हे त्यांनी हसत हसत सांगितलं होतं, म्हणून जास्त भीती वाटली होती. हे काम हुकलं की पुढची सगळी हुकणार. सगळं हॉस्पिटल काचेचं, आणि काचेतली प्रतिबिंबं काढायला ग्राफिक्स कार्ड दमदार लागतं. जुन्या कार्डावर ती फिल्म व्हायला इतका वेळ लागला असता की तोवर हॉस्पिटलच बांधून झालं असतं.

बायकोला त्यांनी खोलीत बोलावून सगळं सांगायला सुरुवात केली, तर तिने हात वर केला.

"मला काही सांगू नकोस. बाबांनी विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही."

"अगं, पण बघ तरी."

"बघितलं तर कळेल ना," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून बाहेर गेली. पुढचा आठवडाभर ती खोलीत आली की डोळ्यांवर हात धरूनच यायची, आणि दोनदा कपाटाला धडकली.

जावईबापूंनी कार्ड बसवलं. ते इतकं लांब होतं की कॅबिनेटमधला एक कप्पा काढून टाकावा लागला. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन उजळली. त्यांनी फिल्म सुरू केली. हॉस्पिटलचं फाटक उघडलं, कॅमेरा बागेतून पुढे सरकला, काचेच्या मोठ्या दाराशी आला आणि खट्, सगळं काळं झालं. कॉम्प्युटर मेल्यासारखा गप्प. डोक्यावरचा दिवा चालू, पंखाही चालू. पुन्हा बटण दाबलं तर मशीन शहाण्यासारखं सुरू झालं. पुन्हा फाटक, पुन्हा बाग, पुन्हा काचेचं दार आणि पुन्हा अंधार.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "नुसता चालू असताना बंद पडतो का?"

"नाही. काम पडलं की बंद पडतो."

"मग दुसरं काही नाही. तुमचा पॉवर सप्लाय अशक्त आहे. कार्ड जोरात वीज मागतं, तो देऊ शकत नाही, मान टाकतो."

हे निदान कुठल्याही पुस्तकात छापावं असं होतं. तरी खात्री करावी म्हणून जावईबापूंनी पॉवर सप्लाय, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बाहेर काढला. तो एकटा चालवून बघायचा तर जाड केबलमधली हिरवी आणि काळी तार एकमेकींना जोडावी लागते. त्यासाठी वाकवलेली तार हवी. घरात तसली एकच गोष्ट सापडली, सासूबाईंची केसांची पिन. ती आरशासमोरून उचलली, वाकवली, खुपसली, आणि पॉवर सप्लायचा पंखा भिरभिरायला लागला.

"फिरतोय की," त्यांनी दुकानदाराला कळवलं.

"रिकाम्या हाताने कोणीही चालतो हो," दुकानदार म्हणाला. "डोक्यावर पोतं दिल्यावर कळतं. मोठा घेऊन जा."

मोठा पॉवर सप्लाय जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून आला. दारातच सासूबाईंनी सवयीने पिशवी हातात घेतली आणि त्यांचा खांदा खाली गेला.

"डबा खाल्ला नाही वाटतं," त्या म्हणाल्या.

"भूक नव्हती."

"तीन दिवसांचा साठवलाय का?" एवढं बोलून त्यांनी पिशवी परत दिली आणि हॉलमध्ये आपल्या सोफ्यावर जाऊन पायांवर शाल ओढून बसल्या. त्या दिवसांत त्या तिथून फारशा उठतच नसत. थंडी फार आहे, म्हणत.

नव्या पॉवर सप्लायवर मशीन आणखी लवकर बंद पडायला लागलं. आधी निदान काचेच्या दारापर्यंत जाता येत होतं. आता बागेतच सगळं काळं व्हायला लागलं. जावईबापूंनी केबली बदलल्या, कार्ड काढून पुन्हा बसवलं, धूळ झटकली, मेमरीची एक पट्टी काढून बघितली, शेवटी नमस्कारही करून बघितला. शनिवार दोन दिवसांवर आला होता. त्यांनी कॅबिनेट चादरीत गुंडाळलं, रजई धुवायला टाकतो असं सांगितलं आणि दुकानात नेलं. दुकानात ते मशीन दुपारभर चाललं. काचेचं दार उघडलं, आतलं कारंजं उडालं, खेळण्यांची खोली उजळली, आणि दुकानातली गिऱ्हाइकं आपापली कामं सोडून हॉस्पिटल बघत उभी राहिली.

"मशीन ठणठणीत आहे," दुकानदार म्हणाला. "दोष घरात आहे."

"घर माझं नाही," जावईबापू म्हणाले.

"मग ज्याचं आहे त्याला विचारा. प्लगमध्ये व्होल्टेज बघा."

व्होल्टेज बघायचा मीटर घरात एकाच माणसाकडे होता. जावईबापूंनी कॅबिनेट परत जागेवर ठेवलं, तोंड धुतलं, मनाशी एक साधंसं कारण जुळवलं आणि सासरेबुवांना शोधत खाली गेले. सासरेबुवा जिन्याखाली स्टुलावर बसले होते. तोंड मीटरकडे, पाठ समोरच्या दंतवैद्याच्या दवाखान्याकडे.

"बाबा, तुमचा व्होल्टेजचा मीटर जरा मिळेल का? मागच्या खोलीतला प्लग तपासावा म्हणतो."

सासरेबुवा हळूहळू वळले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद जावईबापूंनी लग्नातही बघितला नव्हता.

"तुम्हालाही संशय आला तर," ते हलक्या आवाजात म्हणाले. "बसा. आपल्या घरात चोरी होतेय."

मग त्यांनी सगळी हकिकत सांगितली. गेल्या आठवड्यापासून मीटरची चकती मधूनच पिसाटल्यासारखी फिरते. घरात इस्त्री नाही, गीझर नाही, मिक्सर नाही, आणि तरी अर्ध्या इस्त्रीएवढा लोड. त्यांनी एकेक खटका पाडून बघितला, तर चोरी मागच्या खोलीच्या प्लगच्या लाइनवर निघाली. त्या खोलीच्या बरोबर खाली कोण? दंतवैद्य. ज्याने त्यांची चांगली दाढ काढून किडकी तशीच ठेवली, असं ते गेली कित्येक वर्षं सांगत आले होते, तोच. त्याने छतातून वायर ओढून घेतली होती, यात त्यांना शंका उरली नव्हती.

"आणि त्या लाइनवर माझा कॉम्प्युटरही आहे ना?" जावईबापूंनी विचारलं.

"तो दोन पंखे. मी स्वतः मोजलाय," सासरेबुवांनी तो मुद्दा एका हाताने बाजूला सारला. "आता माझी युक्ती ऐका. चकती धावायला लागली रे लागली की मी त्या लाइनचा खटका क्षणभर पाडतो. लगेच वर करतो. चोर घाबरतो, पाच-दहा मिनिटं गप्प बसतो, मग पुन्हा हळूच सुरू करतो. आधी माझा हात पोचायला वेळ लागायचा. आता सवय झालीये."

जावईबापू मीटरकडे बघत राहिले. आठवडाभर ज्याच्यापायी त्यांनी केबली बदलल्या, पिन वाकवली, रजई धुवायला नेली, तो बिघाड त्यांच्याशेजारी स्टुलावर बसला होता, आणि दिवसेंदिवस चपळ होत चालला होता.

खरं सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात आलं. सांगितलं असतं तर दिलेला शब्द मोडल्याचं उघडं पडलं असतं. कार्ड निघालं असतं, काम बुडालं असतं, आणि मामांचा चहा पुढची दहा वर्षं निघत राहिला असता. न सांगावं तरी काम बुडतच होतं. माणूस असा दोन्हीकडून सापडला की त्याला एकतर रडू येतं किंवा बुद्धी सुचते. जावईबापूंना बुद्धी सुचली.

"बाबा, तुम्ही त्याला सावध करताय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुम्ही खटका पाडता, तो गप्प बसतो. असा तो कधी सापडेल? त्याला निर्धास्त होऊ द्या. उद्या दिवसभर खटक्याला हात लावू नका. खाऊ दे त्याला मनसोक्त. दिवसभराचा पुरावा हातात आला की मग त्याला तोंड उघडायला जागा राहणार नाही."

सासरेबुवांनी जावयाकडे बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना मुलीची निवड पटल्यासारखी दिसली.

"डोकं आहे तुम्हाला," ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी वर जावईबापूंनी फिल्म सुरू केली आणि खाली सासरेबुवा पुरावा गोळा करायला बसले. चकती भन्नाट फिरत होती. मधूनच जावईबापू खाली जाऊन विचारपूस करत, आणि सासरेबुवा चकाकत्या डोळ्यांनी सांगत, "खातोय. अजून खातोय. लाज नाही माणसाला." जावईबापू मान हलवत, खरंच लाज नाही म्हणत, आणि वर येऊन बघत तर कॅमेरा कारंज्यापर्यंत पोचलेला असे. सासरेबुवांनी जेवणसुद्धा खाली मागवलं. ते देताना जावईबापूंना पहिल्यांदाच वाईट वाटलं. म्हाताऱ्याने त्यातली अर्धी पोळी त्यांनाच खायला लावली आणि म्हटलं, "तुम्ही होतात म्हणून. एकट्याला सुचलं नसतं."

फिल्म वेळेत गेली. समितीने टाळ्या वाजवल्या. बाईंनी लगेच पुढच्या कामाचं विचारलं, या वेळी न हसता.

आणि इकडे शनिवारी संध्याकाळी सासरेबुवा इस्त्रीचा सदरा घालून दंतवैद्याला जाब विचारायला निघाले. जिना उतरले, वळले, आणि आठवडाभरात पहिल्यांदाच त्यांनी दवाखान्याकडे तोंड केलं. दाराला कुलूप होतं. कुलपावर पाटी होती: डॉक्टर मुलीकडे गेले आहेत, दवाखाना पंधरवडाभर बंद. पाटीवर धूळ बसली होती.

सासरेबुवांनी वर येऊन सदरा काढून ठेवला. रविवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं.

"चोर घरातच आहे," ते म्हणाले. "सगळं बंद करा. फ्रिजसकट."

जावईबापूंनी मागच्या खोलीत धावत जाऊन कॉम्प्युटरची वायर उपटली. बायकोने डोळ्यांवर हात धरून मोबाइलचा चार्जर काढला. सगळं घर गप्प झालं. सासूबाई सोफ्यावर बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या. खालून सासरेबुवांनी हाक मारली, "जावईबापू, जरा खाली या."

जावईबापू खाली गेले. चकती फिरत होती. धावत नव्हती, पण सावकाश, आरामात, उन्हात फिरायला निघालेल्या माणसासारखी पुढे जात होती. जावईबापूंना धक्काच बसला. चोर आपण आहोत याबद्दल निदान त्यांना तरी खात्री होती.

सासरेबुवांनी एकेक खटका पाडला. स्वयंपाकघर, चकती चालू. मागची खोली, चालू. हॉल. चकती थांबली. दोघं वर आले. सासरेबुवांनी हॉलमधला एकेक प्लग तपासला आणि सोफ्यामागून निघालेली एक पांढरी बारीक वायर त्यांना सापडली. ती सोफ्याखाली गेली होती. तिथून शालीत.

"जरा ऊठ," सासरेबुवा बायकोला म्हणाले.

"नाही उठणार," सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी स्वतःच शाल बाजूला केली. पायांखाली एक मऊ, मोठ्या चपलेसारखी गरम पिशवी होती, दोन्ही पाय आत घालायची.

"थंडी सुरू झाली तेव्हाच आणली," त्या शांतपणे म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून इस्त्री लावताना विचारलं, मिक्सर लावताना विचारलं. बाळंतपणात पाणी तापवतानासुद्धा विचारलं. म्हटलं, एक तरी वस्तू अशी असावी की कुणाला न विचारता लावायची. पाय गरम झाले की फार बरं वाटतं हो. त्याहून न विचारल्याचं जास्त बरं वाटतं."

सासरेबुवांनी पुढे होऊन त्या पिशवीवरचा छोटा कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला, मनात हिशेब केला आणि गोंधळून म्हणाले, "पण ही दीड पंख्याच्या वर जात नाही. मी पाहत होतो ती अर्धी इस्त्री होती."

जावईबापू फरशीकडे बघायला लागले. सासूबाईंनी जावयाकडे एकदा पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मी दोन्ही पाय घालते ना."

जन्मभर विजेत काढलेल्या माणसाला हे उत्तर पटण्यासारखं नव्हतं. पण सासरेबुवा बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले, मग पिशवीकडे, आणि त्यांनी ती सोफ्याखाली हळूच सरकवून दिली. चौकशी तिथेच संपली.

नंतर स्वयंपाकघरात सासूबाई जावयाला एवढंच म्हणाल्या, "माझी केसांची पिन त्या मशीनमधून निघाली असेल तर देऊन टाका. आणि पोट दुखायचं थांबलं असेल तर सरळ चाला."

सोमवारी जावईबापूंनी नव्या कामाची फिल्म सुरू केली. पायऱ्या, व्हरांडा, काचेचा जिना, आणि खट्. सगळं काळं. या वेळी त्यांनी ना केबल हलवली, ना दुकानदाराला फोन केला. ते उठले आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. खाली सासरेबुवा स्टुलावर बसले होते, तोंड मीटरकडे, पाठ कुलूपबंद दवाखान्याकडे.

"बाबा," जावईबापू म्हणाले. "लावू का?"

"काय?"

"कॉम्प्युटर."

"कॉम्प्युटर म्हणजे दोन पंखे. त्याला विचारावं लागत नाही," सासरेबुवा मागे न बघता म्हणाले. "जे लावताय ते सांगा."

"ग्राफिक्स कार्ड."

"किती?"

"अर्धी इस्त्री. काच आली की थोडं वर जाईल."

सासरेबुवांनी पाडलेल्या खटक्यावर बोट ठेवलं.

"शुक्रवारी मी तुम्हाला माझी पोळी दिली होती," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"लक्षात असू द्या." मग त्यांनी खटका वर केला. "लावा."

जावईबापू परत आले आणि मशीन सुरू केलं. काचेचा जिना उजळला, वर छपरातून ऊन आलं, आणि कुणी काही तोडलं नाही. दुपारी पाणी प्यायला ते बाहेर आले तेव्हा सासूबाई सोफ्यावर झोपल्या होत्या. शाल घसरली होती आणि पाय उघडे पडले होते. सासरेबुवा खालून जेवायला आले होते. त्यांनी वाकून शाल सारखी केली, सोफ्यामागे हात घातला आणि बटण दाबलं.

मग इकडेतिकडे बघितलं. जावई दारात उभा दिसला, तसं त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि कुणालाही न सांगता ते जेवायला बसले.